मावशींच्या मापाची गाडी

मखमलाबादच्या त्या घरात मी तीन वर्षं भाड्याने राहिलो आणि तिन्ही वर्षं वाकून राहिलो. घरमालक जाचक होते असं मुळीच नाही. घरच तसं होतं. ऐसपैस, हवेशीर, मागे झेंडू-शेवंतीचं शेत, पण आतली एकूण एक वस्तू घरमालकीण मावशींच्या उंचीला बेतलेली. मावशींची उंची त्यांच्या स्वतःच्या मते 'बास होईल एवढी' होती. शेजारपाजारचे लोक ती पाच फुटांपेक्षा बरीच कमी भरेल म्हणायचे, पण मावशी आसपास नाहीत याची खात्री करून.

स्वयंपाकाचा ओटा माझ्या मांडीपाशी यायचा. आरशात मला शर्टाची बटणं अगदी स्वच्छ दिसायची, तोंड बघायचं तर गुडघे वाकवावे लागायचे. दिव्यांची बटणं इतकी खाली की अंधारात मी भिंतभर हात फिरवत बसायचो. खुर्च्यांचे, टेबलाचे, अगदी दिवाणाचेसुद्धा पाय कापलेले होते. कपडे वाळत घालायची तार नेमकी माझ्या गळ्याच्या उंचीवर होती. पहिल्याच आठवड्यात कामावर जायच्या घाईत मी तिच्यात अडकलो, तेव्हा अंगणातून मावशींचा आवाज आला, "बघून चाल रे बाबा. तार तिथंच हाय, ती काय रोज जागा बदलत नाय."

आता मी इंदिरानगरला स्वतःच्या घरात राहतो. इथे सगळं माझ्या मापाचं आहे. तरी दारातून आत जाताना माझी मान आपोआप खाली जाते आणि बायको विचारते, "कोणाला नमस्कार करतोयस?"

मावशींचं एक तत्त्व होतं. त्या चवड्यांवर कधी उभ्या राहायच्या नाहीत. स्टुलावर चढायच्या नाहीत, कुणाला 'जरा वरचं काढून दे' म्हणायच्या नाहीत. "टाचा उचलून घ्यायचं म्हणजे मागून घेतल्यासारखंच," त्या म्हणत. "मी का वर जाऊ? त्याला खाली येऊ दे ना." किराणा दुकानदाराने त्यांच्यासाठी शेवया आणि पापड खालच्या फळीवर आणून ठेवले होते. लोकांना वाटायचं तो मावशींना घाबरतो. तो खरंच घाबरायचा.

गावातल्या मारुतीच्या देवळातली घंटा हा तर मखमलाबादेत सगळ्यांना ठाऊक असलेला किस्सा. घंटा उंच होती आणि मावशींचा हात पोचत नव्हता. बरीच वर्षं त्या घंटा न वाजवताच आत जात. मग एका हनुमान जयंतीला वर्गणी मागायला पोरं आली, तेव्हा मावशींनी सांगितलं की वर्गणी मिळेल, पण घंटेला साखळी जोडून ती खाली आणायची. पोरांनी आणली. तेव्हापासून गावातला कुठलाही उंच माणूस देवळात शिरला की घंटा त्याच्या कपाळावर आपटून वाजते. मावशींना यात काहीच गैर वाटत नव्हतं. "बरंय की. हात जोडायच्या आधीच देवाला कळतं कोण आलंय ते."

या सगळ्या कापाकापीत एक माणूस मात्र कापायचा राहून गेला होता, ते म्हणजे त्यांचे यजमान. तात्या चांगले सहा फुटांचे. लग्नाच्या फोटोत तात्या खुर्चीवर बसलेत आणि मावशी शेजारी उभ्या आहेत, तरी दोघांची डोकी एका रेषेत. तात्या बोलायचे कमी. इतकी वर्षं त्या घरात वावरून त्यांना पाठीतून बाक आला होता आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. आंघोळीच्या तोटीखाली डोकं न्यायला त्यांना जवळजवळ बसावं लागे. ते बसायचे.

तात्यांच्या मापाची घरात एकच वस्तू होती, त्यांची मोटरसायकल. काळी, उंच, सीट अशी की मी बसलो तरी टाचा जेमतेम टेकायच्या. तात्या तिच्यावर बसले की एकदम ताठ व्हायचे. रोज उजाडता उजाडता मागे फुलांचे क्रेट बांधून ते गोदाकाठच्या फुलबाजारात जायचे, आणि परत येताना त्यांच्या चेहऱ्यावर जो रुबाब असायचा, तो अंगणात उतरून दारातून वाकून आत शिरेपर्यंत टिकायचा.

मग तात्यांची नजर गेली. म्हणजे अगदी अंधत्व आलं नाही, पण साखरेने डोळ्यांवर परिणाम झाला आणि डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं. तात्या दोन दिवस नुसती गाडी पुसत राहिले. फुलं आता वस्तीवरच्या टेम्पोने जायला लागली. टेम्पोवाला सगळ्यांचा माल भरून होईपर्यंत हलायचा नाही. मावशींची फुलं बाजारात पोचायची तेव्हा चांगली गिऱ्हाइकं हार-तुरे घेऊन निघून गेलेली असायची.

"फुलं माझी आन् घाई त्याची," मावशी चिडून म्हणायच्या. टेम्पोवाल्याला रोज 'जरा लवकर निघ रे' म्हणावं लागे आणि हे त्यांच्या जिव्हारी लागायचं. मला तेव्हा कळलं की त्यांना कशाचा राग येतो. उशिराचा नाही. विनवणी करण्याचा.

अशात तात्यांच्या भाच्याचा दिंडोरीहून फोन आला. गाडी नुसती उभी राहून गंजणार, त्यापेक्षा मी घेऊन जातो, म्हणाला. तात्या 'बघू' म्हणाले. दसऱ्याला तो न्यायला येणार असं ठरलं.

त्या दिवशी चहाच्या वेळी मावशींनी जाहीर केलं, "गाडी कुठं जायची नाय. मी चालवणार."

तात्यांनी बशी खाली ठेवली. मी म्हटलं, "मावशी, त्यापेक्षा स्कुटी घ्या ना. हलकी असते, बुटकी असते."

हे मी बोलायला नको होतं. "स्कुटी शेताच्या वाटेला चिखलात रुतली की काढायला काय तुला बोलवू? दोन क्रेट मागं, दोन पुढं, कुठं बसवू? आन् घरात गाडी उभी असताना दुसरी का आणायची?"

तात्यांनी अंगणातल्या गाडीकडे बघितलं. मग म्हणाले, "दसऱ्याच्या आत लायसन आन. आणलंस तर गाडी घरात राहील. नाय तर पोराला मी शब्द दिलाय."

मावशी म्हणाल्या, "बरं." एवढ्या एका शब्दावर सगळं ठरलं. शिकाऊ परवाना निघाला, आणि शिकवायचं काम ओघानेच माझ्या गळ्यात पडलं.

मावशींनी तात्यांची जुनी पँट काढली, तिचे पाय अर्थातच कापले, वर शेतात घालतात तो फुल बाह्यांचा शर्ट चढवला, डोक्यावर हेल्मेट घातलं आणि गाडीपाशी येऊन उभ्या राहिल्या. गाडीचं हँडल त्यांच्या छातीशी येत होतं. मी गाडी धरून ठेवायची, त्या फूटरेस्टवर पाय देऊन घोड्यावर चढावं तशा चढायच्या, मग मी मागे बसायचं, अशी पद्धत पडली. मळ्याच्या रस्त्यावर रोज संध्याकाळी आमची फेरी निघायची. क्लच, गिअर, ब्रेक त्यांनी चटकन उचललं. थांबतानाही गाडी डुगडुगायची नाही. आठ-दहा दिवसांत त्या स्वतःवर भलत्याच खूश झाल्या.

"मला वाटलं होतं तेवढं काय अवघड नाय हे," त्या म्हणाल्या. "थांबलं की गाडी आपोआप उभी राहती."

गाडी आपोआप उभी राहत नव्हती. मागे बसून मी माझे दोन्ही पाय जमिनीवर रोवत होतो. मावशींना ते दिसत नव्हतं, आणि मला वाटत होतं की त्यांना ते माहीतच आहे.

मग एका रविवारी त्या मला न सांगता एकट्याच निघाल्या. चढायला पाराचा कठडा वापरला असावा. मळ्यातून गावापर्यंत झोकात गेल्या. शाळेसमोर एक म्हैस आडवी आली, मावशींनी सुंदर ब्रेक मारला, गाडी थांबली, आणि त्या नेहमीप्रमाणे ती आपोआप उभी राहण्याची वाट बघत बसल्या. पाहणारे सांगतात की पडायला खूप वेळ लागला. मावशी शांतपणे, गाडीसकट, एका बाजूला कलत कलत शाळेच्या कुंपणाच्या मेंदीत गेल्या.

लागलं काही नव्हतं. पण घरी आल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला तडक सातपूरच्या कारखान्यात जादा पाळीला पळावंसं वाटलं.

"इतके दिवस तू पाय टेकवत होतास?"

"हो."

"मंग सांगायचंस ना! मी उगंच माझी मलाच शाबासकी देत बसले."

आणि त्या खो खो हसायला लागल्या. हसता हसता कोनाड्यातून करवत काढून आणली. मी म्हटलं, गाडीला पाय नसतात मावशी. त्या म्हणाल्या, सीट तर हाय. दोन बोटं कमी करू.

दोन बोटं हे त्यांचं माप. ओटा दोन बोटं, आरसा दोन बोटं, दिवाण दोन बोटं, असं करत करत त्यांनी घर खाली आणलं होतं. पण त्या गाडीपाशी पोचायच्या आत तात्या दाराबाहेरच्या ओट्यावरून म्हणाले, "सगळं घर कापलंस. कधी काय बोललो? तेवढी एक राहू दे माझ्या मापाची."

मावशी जागच्या जागी थांबल्या. त्यांनी करवत परत कोनाड्यात ठेवली आणि आत जाऊन भाजी निवडत बसल्या. मला फार वाईट वाटलं, आणि कोणासाठी ते कळेना.

पुढचे बरेच दिवस त्या तशाच उंच गाडीवर सराव करत राहिल्या. मी मागे बसायचो, पण मला पाय वर घ्यायची सक्त ताकीद होती. मावशी पडायच्या, त्यांच्याबरोबर मीही पडायचो. झेंडूत पडलो, बांधावर पडलो, एकदा शेणाच्या ढिगाशेजारी, अगदी थोडक्यात वाचलो. मावशी उठायच्या, शर्ट झटकायच्या आणि 'चल' म्हणायच्या. सीटचा विषय त्यांनी चुकूनही काढला नाही. दसरा जवळ येत होता.

एका सकाळी मी कामावर निघालो तर तात्या अंगणात पान्हा घेऊन गाडीपाशी बसलेले. त्यांनी सीट खोलून काढली आणि माझ्या हातात दिली.

"पंचवटीत सीटवाल्याकडं टाक. बारीक करायला सांग. पुढून अरुंद पण कर म्हणावं, म्हंजी पाय सरळ खाली जातील."

"तात्या, नक्की?"

"तिला पडताना बघवत नाय," ते म्हणाले आणि पान्हा पुसत बसले.

सीटवाल्याने आतला फोम कापला, पुढची बाजू निमुळती केली, वर नवं कव्हर घातलं. मावशी बसल्या. पायांचे अंगठे जमिनीला लागले. मी टाळ्या वाजवल्या.

"अंगठे टेकलेत," मावशी म्हणाल्या. "म्हंजी चवड्यावरच की! जमायचं नाय."

मग गाडी वस्तीवरच्या मेकॅनिककडे गेली. त्याने मागचे शॉकअप काढून दुसऱ्या गाडीचे आखूड शॉकअप बसवले. आता गाडी मागून बसली आणि पुढून उचलली गेली. संध्याकाळी दिवा लावला तर सगळा उजेड समोरच्या चिंचेच्या शेंड्यावर. वर झोपलेले बगळे उठले. "मावशी, ये तो रॉकेट हो गया," मेकॅनिक म्हणाला आणि त्याने पुढचे पाइपही वर सरकवून पुढची बाजू खाली आणली आणि गाडी सारखी केली. मावशी बसल्या. दोन्ही तळपाय, टाचांसकट, जमिनीवर. त्यांनी तिथेच जरा पाय हलवून बघितले. त्या संध्याकाळचा चहा त्यांनी अंगणात गाडीवर बसूनच घेतला, एका हातात बशी, दोन्ही पाय खाली टेकलेले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला 'या चहा घ्यायला' म्हणत. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

चहा संपला. मावशी उतरल्या, साइड स्टँड लावला आणि बशी ठेवायला आत वळल्या. मागे धप्प आवाज झाला. गाडी उलट्या बाजूला, थेट शेवंतीच्या रोपांवर आडवी. गाडी खाली आली होती, पण स्टँड होता तेवढाच लांब राहिला होता. त्यामुळे गाडी कलायच्या ऐवजी सरळ उभी राहिली, आणि वारा आला तशी पलीकडे गेली. एवढ्या जणांत हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, मेकॅनिकच्यासुद्धा.

मावशींना मात्र आनंदच झाला. त्यांना पुन्हा काहीतरी कापायला मिळालं होतं. त्यांनी लोखंड कापायची करवत घेतली आणि स्वतःच्या हाताने स्टँड दोन बोटं कापला. मग बघितलं तर जरा कमी वाटला म्हणून आणखी दोन बोटं. आता गाडी इतकी कलायला लागली की झोपायला निघाल्यासारखी दिसायची. शेवटी मेकॅनिकने कापलेल्यातला एक तुकडा शोधून परत वेल्डिंगने जोडला. तात्या मला हळूच म्हणाले, "आयुष्यात पैल्यांदा हिनं काय तरी वाढवलं." आणि ते हसले. डोळे बिघडल्यापासून ते पहिल्यांदाच हसत होते.

परीक्षेचा दिवस दसऱ्याच्या अगदी तोंडावर आला. त्या दिवशी झालं नाही तर पुढची तारीख दसऱ्यानंतरचीच होती. मावशी सकाळी मारुतीला जाऊन आल्या. मी मागे बसलो, पाय वर घेऊन. आरटीओच्या मैदानावर पोचलो तर तात्या आधीच गेटपाशी उभे. येणार नाही म्हणाले होते. रिक्षाने आले होते.

"हिकडं काम होतं," ते म्हणाले. कसलं काम, ते कोणी विचारलं नाही.

मैदानावर पांढऱ्या पट्ट्यांनी इंग्रजी आठ काढलेला होता. रांगेत सगळी कॉलेजची पोरं, त्यांच्यात हेल्मेटखाली मावशी. साहेबांनी सगळ्यांना नियम सांगितला. "आठच्या रेषेतून दोन वेळा फिरायचं. गाडी बंद पडता कामा नये. आणि पाय खाली टेकला की नापास."

पाय टेकावा म्हणून सीट कापली, शॉकअप बदलले, स्टँड कापला, जोडला. एवढा सगळा खटाटोप ज्यासाठी, तेच इथे करायचं नव्हतं. हे मला माहीत असायला हवं होतं, मीही कधीतरी हाच आठ काढला होता. पण गाडी खाली आणायच्या नादात ते डोक्यातूनच गेलं होतं. मी मावशींकडे बघितलं. आता त्या साहेबांशी भांडणार असं मला वाटलं. त्या गालात हसत होत्या.

त्यांच्या आधीच्या एका पोराचा वळणावर पाय लागला आणि तो मान खाली घालून बाहेर आला. मग मावशींचं नाव पुकारलं गेलं. तात्यांनी माझा दंड धरला. "मला लांबचं नीट दिसत नाय. तू सांगत राहा."

मी सांगत राहिलो. "निघाल्या. पहिलं वळण घेतलं. सावकाश जातायत. मध्ये आल्या. दुसरं वळण."

"पाय?"

"वर आहेत तात्या, दोन्ही वर आहेत."

दुसऱ्या फेरीत वळणावर गाडी डळमळली. मावशींचा डावा पाय फूटरेस्टवरून सुटला आणि खाली आला. मी बोलायचा थांबलो. तात्यांची बोटं माझ्या दंडात रुतली. पाय जमिनीच्या अगदी जवळ येऊन तसाच हवेत राहिला, गाडी सावरली आणि पाय परत वर गेला.

"काय झालं? बोल ना!"

"काही नाही. टेकला नाही. चालल्यात. आल्या तात्या, आल्या!"

मावशी साहेबांपुढे येऊन थांबल्या आणि मग दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकवले. साहेबांनी गाडीकडे वाकून बघितलं. "मावशी, एवढी खाली करून घेतलीत गाडी. आणि पाय तर एकदाही लागला नाही तुमचा."

"टेकतोय ते ठाऊक हाय ना साहेब," मावशी म्हणाल्या. "म्हून तर टेकवावा लागला नाय."

साहेब हसले आणि त्यांनी पास असल्याची खूण केली. मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी काय ओरडलो ते आठवत नाही, पण ओरडलो एवढं नक्की, आणि माझे डोळे भरून आले होते हेही सांगायला हरकत नाही. तात्या जागचे हलले नव्हते. मावशी गाडी घेऊन त्यांच्यापाशी आल्या आणि मागच्या सीटवर थाप मारून म्हणाल्या, "बसा."

तात्या बसले. गाडी एवढी खाली आलेली की त्यांचे गुडघे मावशींच्या कोपरांपर्यंत आले. त्यांनी पाय कसेबसे फूटरेस्टवर ठेवले, मग खिशातून फोन काढून डोळ्यांजवळ नेऊन एक नंबर लावला. माझ्यासाठी जागा नव्हतीच. मावशींनी पहिला गिअर टाकला आणि गाडी गेटातून बाहेर पडली. तात्या एवढ्या मोठ्याने बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. अख्ख्या मैदानाला ऐकू गेलं.

"हां, मामा बोलतोय. गाडी नाय द्यायची रे. चालवणारं माणूस घरातच हाय!"